समोरच्या दारातल्या चपला

माझं शिक्षण सातवीपर्यंतच. पुढचं सगळं मुलांच्या पुस्तकांतून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांतून शिकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जरा फुशारकी मारली तर तुम्हाला माझा आवाका ठाऊक असेल. नव्वदनंतर लगेचच आम्ही नाशिकला आलो. यजमान अंबडला कारखान्यात लागले, तिथल्याच कामगारांच्या कॉलनीत दोन खोल्या घेतल्या आणि संध्याकाळची मी आजूबाजूची मुलं गोळा करायला लागले. सगळे त्याला शिकवणी म्हणायचे, पण पाढे, धडे मी कधी घेतले नाहीत. ते शाळेत होतंच की. माझ्याकडे असायची कोडी.

एक सांगते. तीन डबे आहेत. एकात साखर, एकात मीठ, एकात रवा. झाकणांवर चिठ्ठ्या आहेत, पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या. एकच डबा उघडायचा आणि तिन्ही ओळखायचे. मी खरोखरचे डबे मांडून बसायचे. कुणी उत्तर दिलं की माझा एकच प्रश्न, "कशावरून?" नुसत्या बरोबर उत्तराला काही मिळत नसे. कारण पटलं तर दोन बेदाणे. माझा भाऊ पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला, तो पिशवी भरून आणून द्यायचा.

दहा-बारा वर्षं हे राज्य सुखात चाललं. मग समोरच्या घरात सून आली. शिकलेली, शाळेत शिकवणारी, गोड बोलणारी, म्हणजे नावं ठेवायला जागा नाही. आणि तिच्यामागून आला कॉम्प्युटर. त्यात सीडी घातली की चित्रांतली कोडी यायची. मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून मुद्दाम बनवलेलं सॉफ्टवेअर आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. मी मनात म्हटलं, मग मी इतकी वर्षं काय करत होते?

तिनं संध्याकाळी मुलांना दार मोकळं ठेवलं. माझ्या ओट्याच्या खिडकीतून तिचं दार दिसायचं, आणि दारातल्या चपला.

"आज अकरा जोड," मी यजमानांना सांगायचे.

"तुला चपलांचं दुकान टाकून देऊ का?" ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे.

इतर मुलं गेली ते मी सोसलं असतं. पण एक मुलगी होती, सहावीतली. तिची आई नामपूरकडची, अहिराणी बोलणारी. ही पोर उत्तर द्यायला वेळ लावायची, पण कारण असं द्यायची की ऐकत राहावं. तिच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला समोर दिसल्या तेव्हा माझ्या हातची पोळी करपली. वर तिची आई मला म्हणते, "काकू, ते मशीन भलतं हुशार शे." मी म्हटलं, "हो का."

माझा कैवारी एकच उरला, लोडशेडिंग. वेळापत्रक पेपरात यायचं. ते कापून मी कणकेच्या डब्यावर चिकटवलं आणि शिकवणीची वेळ त्याप्रमाणे फिरवली. वीज गेली की सगळी कॉलनी वैतागायची, मी मात्र बेदाण्यांची बरणी काढायचे. समोर पडदा काळा झाला की मुलं माझ्याकडे.

अशाच एका संध्याकाळी मी बोलून गेले, "त्या यंत्रापुढे बसून डोकं गंजतं."

ती मुलगी शांतपणे म्हणाली, "कशावरून?"

सगळी हसली. कारण द्यायला ते यंत्र मी जवळून पाहिलंही नव्हतं. तिनं बरणीचं झाकण लावलं. "आज काकूंना बेदाणे नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी समोर गेले. सूनबाईनं शिऱ्याची वाटी पाठवली होती, ती माझ्याकडेच होती. रिकामी वाटी परत कशी करायची, म्हणून मूठभर बेदाणे घातले. तिनं कौतुकानं खुर्ची दिली. आणि मी जे पाहिलं त्यानं माझा जीव थंड झाला. कोडं आलं की मुलं वाचायचीसुद्धा नाहीत. खाली चार उत्तरं असायची, ती एकामागून एक दाबत जायची, टाळ्या वाजेपर्यंत. ती सहावीतली मुलगी तेवढी हनुवटीला हात लावून बसली होती. "दाब ना गं," बाकीची ओरडत होती. तिनं खूप वेळानं दाबलं, चुकलं, आणि ती पुन्हा हनुवटीला हात लावून बसली. ते मी पाहिलं, पण तेव्हा मला फक्त दाबणारे दिसत होते.

सूनबाई हळूच म्हणाली, "काकू, नुसती दाबत सुटतात हो. काय करावं?"

मला सुचलं होतं. पण मी म्हटलं, "बघू," आणि घरी आले. पंधरा दिवसांनी सांगितलं तिला, की ती वाटी माऊसवर उपडी ठेव आणि कारण सांगितल्याशिवाय उचलू देऊ नकोस. पंधरा दिवस उशिरा. खोटं कशाला बोलू?

तर त्या भेटीनंतरचं पहिलं लोडशेडिंग. मुलं बसली, आणि मी कारण मांडलं. चारही उत्तरं दाबता, मग डोकं चालतंय कुठं?

मुलीनं विचार केला. "हे खरंय," म्हणाली, आणि दोन बेदाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते तोंडात टाकतेय तोवर म्हणाली, "पण इथंही तेच होतं."

"इथं काय होतं?"

"बरोबर असलं की तुमच्या भुवया वर जातात. चुकलं की तुम्ही पदर सारखा करता. सगळे तुमच्याकडे बघून उत्तर बदलतात, मग कारण जुळवतात. मीसुद्धा. तिथं बघायला चेहराच नाही. म्हणून मला तिथं जमतं."

बाकीच्यांनी खाली बघितलं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच नव्हतं. ज्या कामाचा मला एवढा तोरा, त्यातच मी दहा-बारा वर्षं मुलांना आयतं उत्तर दाखवत होते. आणि हात पदराकडेच गेला होता.

मी पाट उचलला, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हटलं, "मिठाच्या चिठ्ठीच्या डब्यात साखर निघाली. आता रव्याच्या चिठ्ठीखाली काय?"

"काकू, इकडे बघा ना."

"नाही."

रवा, मीठ, रवा, असा गोंधळ झाला. मला भिंतीवरचा उडालेला रंग तेवढा दिसत होता. बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला. "मीठ."

"कशावरून?"

"चिठ्ठी चुकीची आहे, म्हणून तिथं रवा नाही..."

तेवढ्यात पंखा फिरला. वीज आली. मागं धावपळ झाली, दार आपटलं, चपला फटफटत समोर गेल्या. मी वळले नाही. कुणाच्या गेल्या आणि कुणाच्या राहिल्या हे ऐकून कळत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

"काकू, तोंड तिकडेच ठेवा," मागून ती म्हणाली. "माझं अजून संपलं नाही."