पाय माझ्याकडे आहे

वैदेही माझ्या घरी दोन महिने आली, पण एकदाही बसली नाही. चहा नको, पाणी नको. चपला दाराबाहेर काढायची, तोंड जिन्याकडे करून ठेवायची आणि खाटेपाशी उभी राहायची. माझ्या तोंडाकडे बघायचीच नाही, बघायची ती पायांकडे. एकदा मी म्हटलं, "काय गो, माणसाशी बोलताना वर बघावं." ती म्हणाली, "चेहऱ्याचं काही खरं नसतं. पाय बरोबर सांगतात."

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

चाळीच्या ओल्या मोरीत पडून माझं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर चार पोरांनी मला खुर्चीत बसवून तिसऱ्या माळ्यावर आणलं. मुलगा प्रमोद डोंबिवलीला राहतो. त्यानं सांगून टाकलं, "आई, महिन्याभरानं रविवारी येतो. स्वतःच्या पायांनी खाली जाऊन वर आलीस तर लालबागला राहा. नाहीतर सामान बांधायचं." डोंबिवलीत तो आणि सून दोघं सकाळी कामाला जातात आणि दार ओढून घेतात. तिथं भिंतीशी बोलत मला मरायचं नव्हतं. व्यायाम करून घ्यायला प्रमोदनंच ही माटुंग्याची पोरगी लावली.

तिनं "आजी" म्हणून हाक मारली. मी म्हटलं, "मी तुझी आजी नाही." तेव्हापासून मी सावंतबाई. तिला राग आला असेल तर दिसला नाही.

पहिल्या आठवड्यात मी पुष्कळ सबबी सांगितल्या. दुखायचंच तसं. "आज अंग मोडून आलंय" म्हटलं की ती खिशातून थर्मामीटर काढून तोंडात कोंबायची. "अठ्ठ्याण्णव. उठा." सर्दी झाली म्हटलं तर म्हणाली, "नाकानं चालायचं नाहीये तुम्हाला. आज थोडं कमी करू, पण उठा." माझ्या नवऱ्यानंसुद्धा मला असं कधी दरडावलं नव्हतं.

प्रमोद यायचा त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी मला खराखुरा ताप आला. सकाळपासून हुडहुडी. पण जिना उतरायचा सराव व्हायला हवा होता, म्हणून मी सांगायचं नाही असं ठरवलं. जिन्यावर तिची पावलं ऐकली आणि माठातलं गार पाणी तोंडात धरून बसले. ती आत आली तसं गिळून टाकलं. थर्मामीटरनं सत्त्याण्णव दाखवलं. मी मनात हसले.

तिनं पाय उचलायला टाच धरली आणि लगेच खाली ठेवली. माझ्या मानेला हात लावला.

"सावंतबाई, तोंडात काय धरलं होतं?"

"काही नाही."

तिनं थर्मामीटर काखेत लावला. एकशे दोन.

"झोपा. डॉक्टरांना बोलवा. आज पंजे हलवायचे आणि खोल श्वास घ्यायचा, बस. ताप असताना हृदय आधीच पळत असतं. त्याच्यावर मी जिना चढवणार नाही."

"रविवार तोंडावर आलाय!"

"येऊ दे."

"तू प्रमोदला सामील आहेस. मला इथून काढायचंय तुम्हाला."

"तसं समजा. पण खाटेवरून उतरू नका."

मी तिला त्या दिवशी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि चपला घालून गेली.

रविवारी प्रमोद मोठ्या पिशव्या घेऊन आला. वैदेहीपण आली, तिचा वार नसताना. प्रमोद म्हणाला, "आई, आपलं ठरलं होतं."

ती म्हणाली, "ठरलं तेव्हा ताप नव्हता. ताप उतरला की त्या दिवसापासून दोन आठवडे मोजा."

"हे तुम्ही कोण ठरवणार? आई माझी आहे."

"आई तुमची. पाय माझ्याकडे आहे."

दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होती, जसं काही मी कपाट. तिचे आभार मानावेत असं मला तेव्हा वाटलं नाही. पण प्रमोद परत गेला.

ताप उतरला तरी अंगात त्राण नव्हतं. ती म्हणाली, "आजारातून उठल्यावर निम्म्यापासून. दहा वेळा करत होतात ते पाच वेळा." ती गेल्यावर मी रागानं आठ वेळा केलं. दुसऱ्या दिवशी मांडी उचलेना. तिनं पाय बघितला आणि सगळं ओळखलं. "आज तीन," म्हणाली. मग मात्र मी तिनं सांगितलं तेवढंच केलं.

दोन आठवड्यांनी प्रमोद पुन्हा आला. उतरताना ती माझ्या एक पायरी खाली, चढतानाही एक पायरी खाली. हात लावत नव्हती. दुसऱ्या माळ्यावर मला धाप लागली. प्रमोद पुढं झाला. "हात काढा," ती म्हणाली. "दम खाताहेत त्या. चढतील." मी चढले. प्रमोद पिशव्या रिकाम्याच घेऊन गेला.

वैदेही म्हणाली, "उद्यापासून मी येणार नाही."

"बरं झालं," मी म्हटलं.

"मलापण बरंच झालं. यापुढं आजारी पडलात तर कधी थांबायचं, कुठून सुरू करायचं, तुम्हाला माहीत आहे. मला फोन करू नका."

तीन वर्षं झाली. मधे एकदा डेंग्यू झाला, दोनदा छाती भरली. दर वेळी गुपचूप पडून राहिले आणि निम्म्यापासून उठले. तिला फोन केला नाही. ती मला अजूनही आवडत नाही. मी तिसऱ्या माळ्यावरच राहते.