खून मुनीमाने केला, बाकी सर्व क्षेम

साडूभाऊंवर सूड उगवायचा, हे मी धुळ्याला बदलून आलो त्याच वर्षी ठरवलं. प्रत्यक्षात उगवायला सहा वर्षं लागली. यावरून माझ्या तडफेची कल्पना यावी.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. ते जळगावला कचेरीत कारकून, मी धुळ्याला शाळामास्तर. जळगाव मोठ्या रेल्वेलाइनवर. आमच्याकडे रेल्वे म्हणजे चाळीसगावहून फुटलेला एक फाटा. त्यामुळे सगळं जळगावला आधी, आम्हाला मागाहून. साप्ताहिकातल्या रहस्यकथेचं नवं प्रकरण त्यांना शनिवारी मिळे, आम्हाला मंगळवारी. सिनेमा तर त्यांच्याकडे महिनाभर चालून, अंगावर रेघोट्या घेऊन धुळ्याला येई. या मधल्या काळात साडूभाऊ पोस्टकार्ड टाकत.

"सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व येथे क्षेम आहोत. यंदा वांगी बरी आहेत. येथे लागलेला रहस्यपट पाहिला. नायिकेचे काम साधारण, रडणे जास्त. खून मुनीमाने केला आहे. मुलांना आशीर्वाद."

पोस्टकार्डाला पाकीट नसतं, आणि आमच्या पोस्टमनला संकोच नव्हता. तो गल्लीच्या तोंडापासूनच सांगत येई, "गुरुजी, जळगावले बठ्ठा खुशाल शेतस. आनि खून मुनीमनी करेल शे."

समोरच्या ओट्यावर बसून नुसत्या जाहिरातीवरून खुनी ताडणारे आबा सुपारी कातरायचं थांबवून म्हणत, "मुनीमनी? माले तं डाक्टरवर वहीम व्हता."

मग तो सिनेमा आमच्याकडे लागे. पडद्यावर मुनीम नुसता चहा घेऊन आला तरी आमची अख्खी गल्ली एका सुरात म्हणे, "आला." सहा वर्षांत मी एकही खुनी स्वतःच्या अकलेनं ओळखला नाही. ओळखला असता असंही नाही, पण चुकण्याचा माझा हक्क होता.

बायकोला सांगून उपयोग नव्हता. ती म्हणे, "दाजी आठवणीनं कळवतात. तुम्ही कधी कोणाला दोन ओळी लिहिल्या?"

म्हटलं, लिहीन. वेळ येऊ दे.

वेळ आली ती एका पौराणिक चित्रपटाच्या कृपेनं. जळगावच्या थिएटरात तो असा काही चालला की बायका आरतीचं ताट घेऊन जात, आणि मालकाची तो उतरवायची छाती होईना. त्यामुळे चहाच्या मळ्यातल्या बंगल्यात तीन खून होणारा एक नवा रहस्यपट आधी धुळ्याला आला. मी पहिल्याच रविवारी तीनच्या खेळाला जाऊन बसलो. सहा वर्षांत पहिल्यांदा मला शेवट ठाऊक नव्हता. आणि कबूल करतो, मी तो सिनेमा पाहिलाच नाही. पडद्यावर किंकाळी फुटत होती आणि मी मनात पोस्टकार्ड जुळवत होतो. शेवटी खुनी निघाली आंधळी मावशी. सगळं थिएटर हबकलं. मी मात्र विचार करत होतो, की खरं कळवणं हा फारच किरकोळ सूड झाला. खरं तर तेही कळवतात.

घरी येऊन लिहिलं, "सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व क्षेम. आपल्याकडे येणारा रहस्यपट पाहिला. खून डॉक्टरने केला आहे. अक्कांस नमस्कार."

डॉक्टर त्या सिनेमातला सर्वांत सज्जन माणूस. साडूभाऊ ही बातमी कचेरीभर वाटणार, डॉक्टर आला की बोट दाखवणार, आणि शेवटी सगळ्या रांगेसमोर तोंडावर आपटणार. इतकं चित्र रंगवून मी महिनाभर फार गोड झोपलो.

पाचव्या रविवारी सकाळच्या एसटीनं साडूभाऊ स्वतः दारात. हातात भरिताच्या वांग्यांची पिशवी. मी सहा वर्षांची सगळी वाक्यं ओठांवर आणून उभा राहिलो.

"मास्तर," ते खुर्चीत टेकत म्हणाले, "डॉक्टर मेला हो."

"असं?"

"तो हीरोला रक्त देत होता, मी अक्काला म्हटलं, बघ, विष घालतोय. सगळ्या रांगेला सांगितलं. आणि अर्धा तास बाकी असताना डॉक्टरच मेला. खुनीच मेला, आता राहिलं कोण? छाती अशी धडधडायला लागली की मी अक्काचा हात धरला. चारचौघांत. लग्नानंतर प्रथमच." ते थोडे लाजले. "काय मजा आली म्हणून सांगू."

मी खाली बसलो.

"मला धसका सोसत नाही," ते पुढे म्हणाले. "म्हणून मी तिकीट फाडणाऱ्याला आधीच विचारून घेतो, खुनी कोण. मग निवांत बसतो. तुम्हालाही धसका नको म्हणून आठवणीनं कळवत होतो. या खेपेला तुमचं कार्ड होतं, म्हणून त्याला विचारलं नाही. पन्नाशी आली माझी, पण सिनेमा पाहिला तो हाच."

आतून डोकावून बायकोनं विचारलं, "दाजी, भरीत करू ना?" आणि माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की खरं सांगायची सोयच उरली नाही.

पण मी सोडणाऱ्यातला नव्हे. वर्षभरानं पुन्हा एक रहस्यपट आधी धुळ्याला आला. या वेळी मी खुनी कोण ते अगदी खरं, नात्यासकट आणि हत्यारासकट लिहून कळवलं. होऊ दे म्हटलं त्यांचाही विरस.

महिन्याभरानं पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून सांगत आला, "गुरुजी, जळगावले बठ्ठा खुशाल शेतस."

कार्डावर लिहिलं होतं, "आपण कळविलेले नाव मागील खेपेप्रमाणे खोटे असणार हे जाणून मी त्या इसमास आरंभीच वगळले. अखेरीस तोच निघाला. अक्काचा हात पुन्हा धरला. आपले उपकार कसे फेडावे कळत नाही. मुलांना आशीर्वाद."