दुसरी चावी

"लावून दाखव."

शेट अंगणात खुर्चीवर बसलेले. भोवती पाहुणे. माझ्या हातात भिवंडीच्या बाजारातून आणलेलं नवं कुलूप. मी नुकताच भिवंडीत कापडाच्या लूमवर लागलो होतो, लग्न झालं होतं. बायकोला घेऊन भाड्याच्या खोलीत जातोय, एवढंच सांगायला आलो होतो.

अंजूरच्या पुढे, खाडीकडे, शेटच्या जागेवर आमची झोपडी होती. तिला दार नव्हतं, गोणपाट होतं. कुलूप असं मी कधी हाताळलंच नव्हतं. गोठ्याच्या कडीला लावायला गेलो. चावी उलटी घातली. आत जाईना. पाहुणे हसले. एक बाई तोंडाला पदर लावून हसली.

"आन ह्यो संसार करनार!" शेट म्हणाले.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "शहरात बायको मोकळी ठेवू नको. ड्युटीला जाताना भायेरून कुलूप लावत जा. एक चावी हितं ठेव. घरच्या मानसाची चावी घरात असते."

घरचा माणूस! माझी छाती फुगली. मी चावी दिली.

खोलीत हळूहळू जमायला लागलं. भाडं, रॉकेल, पाण्याची रांग. बायकोला कोंडून जाणं हीसुद्धा मला जबाबदारीच वाटायची. शेजारची चाची विचारायची, "बीवी है कि बकरी?" मी हसायचो.

शेटच्या घरी लग्न निघालं. भांडी घासायला बाई हवी म्हणून त्यांचा मुकादम चावी घेऊन आला. मी लूमवर. बायको मोरीत अंघोळीला बसलेली.

संध्याकाळी तिनं सांगितलं, "त्यानं कडी न्हाय वाजवली. चावीच फिरवली. 'आवर, थांबतो' म्हनला. आन थितंच थांबला."

मी काय म्हणालो, तेही लिहितो. मी म्हणालो, "घरचीच मानसं हायत ती."

दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरून कुलूप लावलं की आतून पाटा दाराशी ओढत नेल्याचा आवाज यायचा. रोज. तो ऐकून मी कामावर जायचो. पुढे पुढे तो लूमसमोर उभा असतानाही ऐकू यायला लागला. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, उठलो आणि शेटकडे गेलो.

"चावी द्या."

"कसली?"

"माझ्या घराची."

"तुझं घर?" ते हसले. "तुझा बाप कोनाच्या जागंत ऱ्हातो?"

"तुमच्या. मी न्हाय."

चावी मिळाली नाही. खोलीवर येऊन मी कुलूपच गटारात टाकलं. दाराला आतून कडी बसवली. बायको उघडेल तेव्हाच दार उघडेल.

अंधार पडायच्या आत बापाची मडकी बांधावर फेकली गेली. बाप आमच्याकडे आला. मरेपर्यंत सुनेशी बोलला, माझ्याशी नाही.

मुकादम आला त्या दिवसाबद्दल बायको पुन्हा एकदाच बोलली. "लाज मला न्हाय. ज्यानं चावी दिली, त्यानं सांगावं."

मी सांगितलं नाही. मुलांनाही नाही. आता ती गेली.

त्या जागेवर आज गोदामं आहेत. परवा शेटचा नातू गाडी घेऊन आला. नव्या गोदामाच्या उद्घाटनाला स्टेजवर बसा म्हणाला. "बाबा, दोन शब्द बोला. आमच्या आजोबांनीच तुमचा संसार लावून दिला ना?"

येतो म्हणालो.

तिचं नाव घेऊन सुरुवात करणार. मुकादम, मोरी, सगळं. माझं ते वाक्यही. माझी मुलं समोर बसलेली असतील. त्यांनाही तिथंच कळू दे. माईक बंद करतील. करू देत. अख्खा जन्म लूमच्या खडखडाटात गेलाय. मला ओरडून बोलायची सवय आहे.