मॉरीनबाईंचा थर्मास आणि माझ्या खिशातले तिकीट

स्वस्ति श्री! अखिल-कोथरूड-प्रांत-भूषण, सोसायटी-जलटाकी-समिती-अध्यक्ष (सलग तीन वर्षे बिनविरोध, कारण अन्य कोणी उभाच राहिला नाही), मधुमेह-सीमाप्रदेश-निवासी, स्वयंघोषित प्रवासाचार्य असे जे आम्ही, त्या आमची स्वारी दक्षिण गोलार्धाप्रत प्रयाण करती झाली, तिचा हा वृत्तांत. प्रयाणाचे कारण पराक्रम नसून भय होते, हे आरंभीच नमूद करणे इष्ट.

हल्ली आमच्या सोसायटीच्या प्रत्येक जिन्यावरून एक तरी अपत्य शिक्षणार्थ ऑस्ट्रेलियास गेलेले आहे. आमची शर्वरी अ‍ॅडलेडच्या मॉसन लेक्सला असते. दूरचित्रवाणीवर तिकडच्या भारतीय विद्यार्थ्यांवरील हल्ल्यांच्या बातम्या लागत आणि वरणभाताचा घास हातातच राहत असे. अखेर आमच्या सौ.नी निर्णय दिला, "तुम्ही जा. आणि घेऊनच या तिला." माझ्या कोटाच्या आतल्या खिशात शर्वरीच्या नावाचे तिकीट होते. तिला ते ठाऊक नव्हते.

शर्वरी मॉरीनबाई नामक आयरिश वंशाच्या वृद्ध विधवेकडे एका खोलीत राहते. मीही तिथेच उतरलो आणि वहीत गुप्तपणे निरीक्षणे नोंदवू लागलो. मागच्या दाराला कुलूप नाही. श्वान सोफ्यावर. आणि भांडी! साबणाच्या पाण्यात बुचकळून, फेसासकट, फडक्याने पुसून थेट कपाटात. निर्मळ जलाचा स्पर्श नाही. मी पहाटे उठून सगळी ताटे पुन्हा विसळू लागलो, तर बाई दारात उभ्या. त्यांचे उच्चार मला अगम्य, म्हणून त्यांचे बोलणे इथे शर्वरीच्या भाषांतरात देतो.

"बाबा, ती म्हणत्ये, दुष्काळ आहे, पाणी वाया घालवू नका."

"तिला सांग, साबण पोटात जातो."

"ती म्हणत्ये, सत्तर वर्षं जातोय."

शनिवारी बाई म्हणाल्या, "चला, माझी माणसं दाखवते." त्यांच्या जुनाट गाडीतून आम्ही गॉलरमार्गे उत्तरेला कापुंडा या तांब्याच्या खाणीच्या जुन्या गावी निघालो. रस्ता उत्कृष्ट, तास-सव्वातासाचा. जाणाऱ्यांनी टोपी न्यावी, कारण माश्या नाकपुडीस प्रवेशद्वार समजतात. शाकाहारींनी बेकरीत भाजीची पेस्टी मागावी. ती करंजीची दूरची, सासरी सुखी नसलेली बहीण आहे.

गावाबाहेर तारेच्या कुंपणापलीकडे वाळके गवत आणि काही दगड, एवढेच होते. बाई कुंपणाला धरून बोलत होत्या. राणी व्हिक्टोरियाच्या काळात त्यांची पणजी आयर्लंडच्या उपासमारीतून इथे आली. खाणीत राबणाऱ्या आयरिशांनी इथे बुटक्या झोपड्या बांधल्या. मग शहरातले सुविद्य प्रवासी बग्गीतून त्यांना पाहायला येत, नाकाला रुमाल लावून दुरून निरखत आणि घरी जाऊन लिहीत की यांच्या घरात डुकरे आहेत, धूर आहे, माणसे धोक्याची आहेत.

"आत मात्र कुणी आलं नाही," बाई म्हणाल्या. "आले असते तर चहा मिळाला असता."

मी वही खिशात अधिक खोल सारली. ती तिकिटाला जाऊन भिडली.

परतताना एका निलगिरीखाली चहाला थांबलो. बाईंनी थर्मास काढला. तेवढ्यात एक गाडी मंदावली. आतून तीन-चार तरुण ओरडले. 'आपल्या देशात परत जा' एवढे मला भाषांतराविना कळले. बिअरचा एक डबा येऊन आमच्या बॉनेटवर आदळला. गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे येऊ लागली.

माझे सर्व समास सुटले.

"बाबा, गाडीत बस. काही बोलू नकोस. बघू नकोस त्यांच्याकडे," शर्वरी म्हणाली. तिचा स्वर सरावलेला होता. त्या सरावाने मी त्या गाडीपेक्षा अधिक घाबरलो.

बाई रस्त्याच्या कडेला गेल्या, थर्मासचे झाकण उघडले आणि वाफाळता थर्मास उगारून उभ्या राहिल्या. गाडी क्षणभर थबकली, मग धूळ उडवीत निघून गेली. चहा दिसला, वृद्धा दिसली की नुसताच कंटाळा आला, सांगता येत नाही.

"हे आधी झालं होतं?"

"दोनदा. स्टेशनवर. आईला सांगू नकोस, प्लीज."

"मग?"

"मग काय? आता नऊला माझ्या पार्ट-टाइम कामाची शिफ्ट संपली की मॉरीन येते घ्यायला. रोज. मी नको म्हटलं तर म्हणते, नो वरीज, कुत्र्याला फिरवायचंच असतं."

बाई माझ्या कपात चहा ओतत होत्या. निम्मा बशीत पडला. मी शर्वरीकरवी विचारले, तुम्हाला भीती नाही वाटली?

"वाटली की! पाय अजून थरथरतायत. प्या, गार होईल."

मी खिशातून तिकीट काढले. शर्वरीने नाव वाचले.

"न्यायला आलायस?"

"हो."

बाईंनी काही न विचारता शर्वरीच्या हातात पेस्टीचा अर्धा तुकडा दिला.

"परीक्षा कधी आहे?" मी म्हणालो.

"नोव्हेंबरात."

मी तिकीट पुन्हा खिशात ठेवले.

पुण्यात सौ.नी दार उघडले आणि माझ्या मागे पाहिले. मागे फक्त बॅग होती. मी सर्व कथन केले, ते 'दोनदा' वगळून. ते आता माझ्याकडेच राहणार. सायंकाळी पाचला अ‍ॅडलेडमध्ये नऊ वाजतात. मी कचेरीत फोन समोर ठेवून बसतो, आणि 'पोचले' हा एक शब्द येईतो कोणत्याही कागदावर सही करीत नाही. वही मी बाईंच्या घरीच फाडली.

भांड्यांचा प्रश्न मात्र तसाच आहे. एका बादलीत चार ताटे विसळून तेच पाणी झाडांना घालावे, असा सविस्तर आराखडा मी आकृतीसह पाठवला. तीन आठवडे झाले. बाईंनी तो फ्रीजवर लावला आहे म्हणे, पण फेस अजून पुसलाच जातो.