सुदानची शेजारीण

नवऱ्याला पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही चंद्रपूरकडचं बिऱ्हाड उचलून येरवड्यात आलो. तिकडे मी शाळेत शिकवत होते. दिवसभर माणसांची वर्दळ असायची. इथे नवरा सकाळी कंपनीच्या बसने गेला की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसे. जिन्यात कुणी भेटलंच तर आडनाव विचारायचं, आणि आडनाव कळलं की बोलणं तिथेच संपायचं.

आल्या आल्या मी तळमजल्यावरच्या काकूंकडे विरजण मागायला गेले. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. त्यांनी दार अर्धं उघडलं.

"काकू, थोडंसं विरजण होतं का? मी वर राहून राहिली, नवीन."

"राहून राहिली म्हणजे? राहता, की राहून झालं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "डेअरी कोपऱ्यावर आहे. दही तिथे मिळतं." आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून मी तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात वाक्य तपासू लागले. हळूहळू बोलणंच कमी झालं.

काही महिन्यांनी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सुदानचं एक जोडपं आलं. तो विद्यापीठात पीएचडी करत होता. ती पोटुशी होती, उंच, काळीसावळी, अंगाभोवती फुलाफुलांचं लांब वस्त्र गुंडाळलेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये परदेशी भाडेकरू नकोत म्हणून बराच वाद झाला होता, पण फ्लॅटचा मालक हटला नाही. तिला अरबीशिवाय काही येत नव्हतं. खिडकीतून ती तासन् तास रस्त्याकडे बघत उभी असायची. मीही माझ्या खिडकीत तशीच उभी असायचे, म्हणून मला ते माहीत.

एका सकाळी तिने माझं दार वाजवलं. हातात रिकामी लोखंडी पाटी होती. ती फुंकर मारायची, बोटं शेकायची, पुन्हा पाटी दाखवायची. मला कळलं, हिला निखारे हवेत. मी तिला घेऊन खाली इस्त्रीवाल्याकडे गेले. त्याने काही न विचारता इस्त्रीतले चार रसरशीत कोळसे पाटीत टाकले. वर येऊन तिने मला हाताला धरून घरात नेलं, जमिनीवर बसवलं आणि छोट्या कढईत कॉफीच्या हिरव्या बिया भाजायला घेतल्या. शेजारी धूप टाकला. खोली धुराने भरली, धूर जिन्यात गेला, आणि दारावर धडाधड थापा पडल्या.

काकू होत्या. धापा टाकत, हातात पाण्याची बादली.

"आग कुठे लागलीय?"

तिने त्यांच्या हातातली बादली घेतली, बाजूला ठेवली आणि काकूंना माझ्याशेजारी बसवलं. काकूंना कुणी असं हाताला धरून बसवून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. त्या इतक्या गोंधळल्या, की बसल्याच. मातीच्या लांब मानेच्या भांड्यातून सुंठ घातलेली काळी कॉफी आली. पहिला कप संपला, दुसरा आला, तिसराही आला. तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नसतं, हे तिने हातवाऱ्यांनीच आम्हाला पटवलं.

"कॉफी चांगली आहे," उठताना काकू म्हणाल्या. "धूर कमी करायला सांगा. आणि तुम्ही पण खाली येत जा कधीतरी. जिन्याला कुलूप नाही घातलेलं."

मग आमची दुपारची कॉफी सुरू झाली. आम्हा दोघींना तिची भाषा येत नव्हती, तिला आमची. काकू तिच्याशी सरळ मराठीत बोलत आणि ती सरळ अरबीत उत्तर देई. मी तिला एकेक वस्तू दाखवून शब्द शिकवू लागले. शिकवायची सवय सुटलेली नव्हती.

नववा महिना लागला तेव्हा तिच्या नवऱ्याकडून कळलं, तिच्या आईला यायला मिळणार नाही. कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं. ती दिवसभर दार लावून बसली. काकूंनी मला विचारलं, "त्यांच्यात पहिलं बाळंतपण कोण करतं?" मी म्हटलं, आईच करत असणार.

तिला कळा सुरू झाल्या त्या दिवशी तिचा नवरा व्हिसाच्या कामाला मुंबईला गेला होता. मी खाली धावले. काकूंनी चपला घातल्या, आम्ही तिला रिक्षात घातलं आणि नर्सिंग होम गाठलं. तिने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी पिचली.

काउंटरवरच्या सिस्टरने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"शेजारी," मी म्हटलं.

"जवळचं कुणी नाही का?"

काकू पुढे झाल्या. "मी आई."

सिस्टरने काकूंच्या गोऱ्यापान चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "आई? सख्खी?"

"अहो, सख्खी की मानलेली हे नंतर निवांत ठरवू. ती ओरडतेय, ऐकू येतंय ना? आत घ्या तिला."

आत घेतलं. संध्याकाळी मुलगी झाली. काकूंनी बाळाला हातात घेतलं आणि सिस्टरने दोनदा मागितलं तरी परत दिलं नाही.

तिला घरी आणल्यावर मी डिंकाच्या लाडवांची तयारी केली. डिंक माझ्या आईने पाठवला होता, आमच्याकडच्या जंगलातला. वाटीतले खडे पाहताच ती पलंगावरून उठली. एक खडा तिने उजेडात धरला, वास घेतला, जिभेवर ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी घाबरले. तिच्या नवऱ्याने नंतर इंग्रजीत उलगडून सांगितलं: तिच्या आजोबांच्या गावाभोवती बाभळीसारख्या काटेरी झाडांचं रान आहे. लहानपणी ती त्यांच्यामागे डिंक काढायला जायची. तिथेही बाळंतिणीला मेथीची पेज देतात, धुरी देतात, चाळीस दिवस घराबाहेर जाऊ देत नाहीत.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या. "मी उगाच हिला काय चालतं, काय नाही याची काळजी करत बसले."

तो सव्वा महिना काकूंनी सगळी बिल्डिंग कामाला लावली. मीटिंगमध्ये विरोध करणाऱ्या एका बाईने अळिवाची खीर आणली. दुसरी बाळाला न्हाऊ घालायला येऊ लागली. त्यांच्यापैकी कुणी पूर्वीच्या बोलण्याची माफी मागितली नाही, कुणी मागायलाही लावली नाही. एकदा तिच्या आईचा फोन आला तेव्हा तिने रिसीव्हर काकूंच्या हातात दिला. पलीकडून अरबी, अलीकडून मराठी, असं बराच वेळ चाललं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काळजीत आहेत. मी म्हटलं, मुलगी नीट जेवते, झोपते," काकू म्हणाल्या. त्यांना ते कसं कळलं, मी विचारलं नाही.

तिचं मराठी सुधारलं, पण ते माझं मराठी होतं. भाजीवाल्याला ती म्हणायची, "माझी पोट्टी झोपून राहिली, हळू बोल." आमच्याकडे पोट्टी म्हणजे मुलगी, पण पुण्यात पोट्टी म्हटलं की लोक दचकतात. काकू कपाळावर हात मारून म्हणायच्या, "हिला मराठी कुणी शिकवलं ते सांगायची गरजच नाही." पण मला त्यांनी पुन्हा कधी दुरुस्त केलं नाही. कधीतरी त्या मला 'अहो' सोडून 'अगं' म्हणू लागल्या होत्या. नक्की केव्हापासून ते माझ्या लक्षात नाही.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा त्याची पीएचडी पूर्ण झाली आणि ते परत गेले. निघताना तिने तिचं कॉफीचं मातीचं भांडं काकूंना दिलं. पहिली काही वर्षं सणाला फोन यायचे. मग नंबर बदलले. पुढे टीव्हीवर तिकडच्या लढाईच्या बातम्या दिसू लागल्या. काकू आता फार थकल्यात, ऐकू कमी येतं, पण बातम्या मोठ्याने लावतात आणि मला हाक मारून विचारतात, "काही कळलं का तिचं?"

गेल्या वर्षी कळलं. तिच्या मुलीने मला इंटरनेटवर शोधून काढलं होतं. तिच्या फोनवरून आईचा आवाज आला, मोडकंतोडकं, पण मराठी. घर गेलं, माणसं वाचली. आता कैरोत राहतात. "नवीन देश," ती म्हणाली. "खाली एक म्हातारी आहे. बोलत नाही. दार बंद करते."

मी काकूंच्या कानाशी जाऊन ते सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "तिला म्हणावं, तूच आधी जा. आम्हा म्हाताऱ्यांना नाही जमत."

मी ते तसंच्या तसं तिला फोनवर सांगितलं. उत्तरात आधी तिचं हसू आलं आणि मग रडू. ती खाली गेली की नाही, ते अजून कळलेलं नाही.