शोकसभेच्या भावात लग्नाची साडी

लग्नाची साडी ऑनलाइन घ्यायची असं ठरवलं तेव्हा मला वाटलं, चला, दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसणं वाचलं, घासाघीस वाचली. महापेच्या ऑफिसात डबा खाता खाता काम उरकेल. मोबाइलवर टाइप केलं, 'लग्नासाठी पांढरी साडी'. अ‍ॅपने आधी मला जमिनीवर फरफटणारे झगे दाखवले. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मला थेट 'प्रार्थना सभा स्पेशल' विभागात नेऊन बसवलं. त्यानंतर आठवडाभर ते बिचारं माझं सांत्वन करत होतं. चंदनाचे हार, फोटोफ्रेम, उदबत्तीची घरं. मला अजून नवरा व्हायचा होता, अ‍ॅपने त्याला भिंतीवर टांगलासुद्धा.

आम्ही बौद्ध. आमच्यात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात, वंदना होते, पंचशील होतं, लग्न लागतं. नवऱ्याकडचे लोक हिंदू, खारघरच्या टॉवरमध्ये राहणारे, फार पुढारलेले. तसं त्यांनीच आम्हाला वेळोवेळी सांगितलं होतं. लग्न आमच्या पद्धतीनं लावायलाही ते तयार झाले. मग होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला.

"अगं, सगळं तुमच्या पद्धतीनं होऊ दे, आमचं काही म्हणणं नाही. फक्त साडी तेवढी पांढरी नको. आमच्यात पांढरं म्हणजे जरा..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. ते पूर्ण करायला मराठीत शब्दांची काय कमी? पांढऱ्या कपाळाची आहे, पांढऱ्या पायाची आहे. बाईला वरून खालपर्यंत चुना लावून ठेवलाय आपल्या भाषेनं. संध्याकाळपासून मला लिंका यायला लागल्या. क्रीम, मोतिया, बदामी, शॅम्पेन. ज्या घरात दारूचं नाव काढलेलं चालत नाही, तिथे सून शॅम्पेनमध्ये आलेली चालणार होती.

आईनं तर लगेच माघार घेतली. "घे की ते शांपेन का काय ते. तुला तिथं नांदायचंय, मला न्हाई."

आई मराठवाड्यातल्या खेड्यातून लग्न होऊन नावड्याला आली, कारण बाबा तळोज्याच्या कारखान्यात कामाला होते. तिचं लग्न पांढऱ्या साडीत झालं. विहारात जाताना, सणासुदीला ती तीच साडी नेसायची. बाबा गेल्यावर एकदा ती नेसून जिना उतरली, तर शेजारच्या काकू हळहळल्या, "वय काय हो तुमचं, एवढ्यातच पांढरं नेसायला लागलात?" काकूंना खरंच वाईट वाटलं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आई तशीच परत वर आली. त्यानंतर तिनं पांढरा रुमालही विकत घेतला नाही. मला काकूंचा राग यायचा आणि ऐकून घेणाऱ्या आईचाही. म्हणून साडी पांढरीच घ्यायची होती. माझ्या अंगावरची ती साडी बघून आईला बरं वाटावं, एवढंच मला त्या लग्नातून हवं होतं. नवरा काय, तो मिळालाच होता.

'वधू कलेक्शन'मध्ये एक सापडली. पांढरी, पांढऱ्याच बुट्ट्या, रुपेरी काठ. किंमत बघून मी डबा बंद केला. दोन दिवसांनी तीच साडी मला प्रार्थना सभेत भेटली. तीच मॉडेल, तेच काठ, किंमत निम्मी. फरक एवढाच की लग्नात ती हसत होती आणि शोकसभेत तिनं मान खाली घातली होती. नुसत्या हसण्याचे एवढे पैसे मी देणार नव्हते.

पार्सल आलं ते रविवारी, सासूबाई आमच्याकडे जेवणाचा मेनू ठरवायला आल्या असताना. आईनं कौतुकानं पाकीट फोडलं. साडीबरोबर एक चकचकीत कार्ड खाली पडलं. सासूबाईंनी ते उचललं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पुढील खरेदीवर विशेष सूट."

त्यांनी कार्ड पोह्यांच्या बशीशेजारी उपडं ठेवलं.

"म्हणूनच मी म्हणत होते," सासूबाई हळूच म्हणाल्या. "परत पाठव गं ही. क्रीम मागवू आपण."

आता आई मान डोलावणार, अशी माझी खात्री होती. ती साडीच्या काठावरून हात फिरवत होती.

"ताई, माझं लगीन ह्याच रंगात झालं," ती म्हणाली. "ह्यांनी बी पांढराच सदरा घातला व्हता. आमच्यासाठी ह्यो सुखाचा रंग हाय. हे गेले तवा लोकांनी मला सांगितलं की ह्यो दुखाचा हाय, आन् मी येड्यावानी ऐकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला बी एक मागव. लग्नात नेसायला."

मी फोन उघडला, पण डोळे इतके भरून आले होते की अक्षरं दिसेनात. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बराच वेळ वरखाली करून पाहिला.

"ताई, ह्यात क्रीमपण आहे," त्या म्हणाल्या. "मोतियापण आहे."

"पांढरी," आई म्हणाली.

सासूबाईंनी पांढरीवर बोट ठेवलं.