लाइट आली आणि मोबाइल बोलले

अकोल्याच्या जुन्या शहरात क्लास चालवणाऱ्या एका सरांसाठी मी ॲप बनवलं. पोर क्लासला पोचलं, की घरच्यांच्या मोबाइलवर निरोप. अमरावतीत राजापेठेतल्या खोलीत बसून तीन महिने डोळे फोडले. उद्घाटनाला सर माइकवर म्हणाले, "हे सगळं आमच्या जावईबापूंचं काम!" जावईबापू स्टेजवर, आणि मी तिसऱ्या रांगेत चिवडा खात होतो. तो घास अजून घशातच आहे.

सूड घ्यायचाच होता, पण शिकलेल्या माणसासारखा.

मोबाइल आतल्या आत सारखी दवंडी पिटत असतो: चार्जर लागला, बॅटरी उतरली. कान उघडे ठेवून बसलेल्या ॲपला ती ऐकू येते. शिवाय ॲपलाही स्वतःची दवंडी पिटता येते. मी बेत केला: चार्जर लागल्याची दवंडी आली, की ॲपने 'बोल' अशी माझी दवंडी पिटायची, आणि ती ऐकून फोनने लगेच माझ्या आवाजात बोलायचं, "सर, खोटं काहून बोलून राहिले? ॲप म्या बनवलं!" अट एकच, फोन सरांचा असला पाहिजे.

स्वतःच्या फोनवर तपासताना ती अट मी काढून ठेवली. आवाज इतका खणखणीत निघाला, की मीच माझ्यावर खूश. त्या खुशीत अट परत न घालताच अपडेट सगळ्या पालकांना पाठवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अपडेट सगळ्यांच्या फोनवर उतरलं, आणि तेवढ्यात जुन्या शहरातली लाइट गेली. चार वाजता आली, आणि घरोघरी चार्जरला लटकलेले फोन एकदम बोलले.

पहिला फोन मावशीचा. तिची मुलगी त्याच क्लासला. "काहून रे, आमच्या मोबाइलात बसून कोणावर ओरडून राहिला? शेजारीण म्हणते, तिच्याही घरात तूच बोलून राहिला!"

मग सर. "बंद कर ते आधी!"

"जावईबापूंना सांगा ना सर."

"त्याले काय येते? तुले माहीत नाही का?"

"मले माहीत आहे. पालकांना नाही."

दहाच मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर सरांनी माझं नाव टाकलं, आडनावासकट: 'ॲप यांनीच बनवलं आहे. आमच्या जावयाचा काडीचा संबंध नाही. तक्रार थेट यांच्याकडे करावी.' खाली माझा नंबर.

मी ते दोनदा वाचलं, मगच आवाज बंद करणारं नवं अपडेट पाठवलं. तोवर फोन सुरू झाले होते. एक बाई पाच मिनिटं न थांबता झापत होत्या. शेवटी कडाडल्या, "हे असलं ॲप बनवलं तरी कोणी?"

"म्या बनवलं, बाई," मी म्हणालो. "एकट्यानं."